चालक भारतीय, गाडी परप्रांतीय

पुण्याहून बंगळुरूला बिऱ्हाड हलवलं तरी लायसन्सची चिंता नको. ते देशभर चालतं, हवं तर पत्ता तेवढा बदलून घ्या. म्हणजे चालवणारा भारतीय. गाडी मात्र परप्रांतीय! एमएच पाटीनिशी बारा महिन्यांहून जास्त मुक्काम झाला, की १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ४७वं कलम म्हणतं, इथला नंबर घ्या. त्यासाठी आधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरचा ठसा हवा. डिजिटल इंडियात तो कसा काढतात? बॉनेट उघडायचं, ग्रीस पुसायचं, कागद दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. मग नव्या राज्याचा रोड टॅक्स आधी भरा, जुन्याकडून उरलेल्या वर्षांचा परतावा नंतर मागा. वसुलीला तारीख असते, परताव्याला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’.

उपाय म्हणून २०२१मध्ये बीएच, अर्थात भारत मालिका आली. ती कुणाला? सैनिकांना, सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. एका गाळ्यावर पोट भरणाऱ्या किराणा दुकानदाराने आपलं राज्य सांभाळावं, भारताच्या भानगडीत पडू नये.