घरगुती कॅमकॉर्डरची आरतीपरीक्षा

फितीचा कॅमकॉर्डर म्हणजे चित्रण करणारा कॅमेरा आणि ते फितीवर उतरवणारा रेकॉर्डर यांचा एकाच डब्यात थाटलेला संसार होय. १९९५ साली मिनी-डीव्ही ही ६.३५ मिलिमीटर रुंदीची डिजिटल फीत आली, हा संसार तळहातावर मावू लागला आणि मुंज, बारसे, डोहाळजेवण यांपैकी एकही प्रसंग पुराव्यावाचून पार पडेनासा झाला. असे यंत्र हाताळणी, मंद प्रकाशातील कामगिरी आणि स्थिरचित्रे या तीन निकषांवर पारखले जाते. मात्र माहितीपत्रकांतील आकडे ज्या परिस्थितीत सिद्ध होतात, त्या परिस्थितीत मराठी कुटुंब सहसा आढळत नसल्याने घरच्या गणपतीची सायंकाळची आरती हीच त्याची खरी प्रयोगशाळा मानणे सयुक्तिक ठरते.

हाताळणीचा विचार करताना रचनाकारांनी गृहीत धरलेला मनुष्य डावखुरा नसतो आणि त्याच्या हातात टाळही नसतात. पट्ट्यात अडकवलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली चित्रणाचे लाल बटण येते. तेच दाबून चित्रण सुरू होते व तेच दाबून बंद होते. हा क्रम ज्याच्या हातून एकदा उलटा होतो, त्याच्या फितीवर आरती सोडून सतरंजी, स्वतःचे अंगठे आणि ‘चालू झाला का रे?’ हा प्रश्न तेवढा काटेकोरपणे नोंदला जातो. शिवाय अनेक स्वस्त नमुन्यांत फीत खालच्या बाजूने भरावी लागत असल्याने, ती संपताच कॅमेरा तिपाईवरून सोडवावा लागतो, आणि ती मंत्रपुष्पांजलीलाच संपते असा सार्वत्रिक समज आहे.

मंद प्रकाशाची कामगिरी ‘लक्स’ या एककात सांगतात. मीटरभर अंतरावरील एका मेणबत्तीचा उजेड म्हणजे साधारण एक लक्स. उजेड अपुरा पडला की यंत्र विद्युत संकेत कृत्रिमरीत्या वाढवते, त्याला गेन म्हणतात, आणि संकेतासोबत त्यातील गोंधळही वाढून पडद्यावर मुंग्या येतात. त्यातच झूम लांबवला की बहुतेक भिंगांतून येणारा प्रकाश घटतो, त्यामुळे मूर्तीचे मुख जवळून घेण्याचा आग्रह जितका भाविक, तितका देव अंधारात जातो. स्वयंचलित फोकस, म्हणजे उजेड-अंधाराच्या कडा शोधत भिंग पुढेमागे सरकवणारी यंत्रणा, अशा वेळी मूर्ती सोडून कापराच्या ज्योतीकडे वळते, तेथून उदबत्तीच्या धुरात चाचपडते आणि अखेर आत्याबाईंच्या शालूवर स्थिरावते, कारण जरीच्या काठाइतकी ठळक कड त्या खोलीत अन्य कशालाही नसते. अमेरिकेतील भाच्याने प्रेमाने आणलेल्या नमुन्याची गोष्ट आणखी निराळी: तो तिकडच्या पद्धतीने सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र टिपतो, इकडची ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, आणि दोघांचा मेळ न बसल्याने भिंतीही धडधडू लागतात.

स्थिरचित्रांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. आपल्याकडील पाल पद्धतीच्या चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४.१५ लाख बिंदू असतात, तर चार बाय सहा इंचांच्या सुबक छपाईला इंचाला ३०० या हिशेबाने २१.६ लाख लागतात. काही नमुने ही तूट शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरून काढतात, यालाच अंतर्वेशन म्हणतात. अशा फोटोत मागच्या रांगेतले काका कोणते, हेही अंदाजानेच ठरवावे लागते.

या सर्व दोषांपैकी निम्म्यांवर खोलीत आणखी एक चांगला दिवा लावणे हा सर्वांत स्वस्त उतारा आहे. परंतु दिवा भाच्याकडून मागवता येत नाही आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवताही येत नाही, त्यामुळे हा उपाय कोणत्याही माहितीपत्रकात छापला जात नाही व कोणत्याही घरात अमलात येत नाही.