पावसाने मंडळात हजर राहावे

शासनाला एक नम्र सूचना आहे. पावसासाठी आचारसंहिता काढावी. कलम पहिले : पावसाने यापुढे जिथे पर्जन्यमापक बसवला आहे तिथेच पडावे. इतरत्र पडल्यास तो पाऊस खासगी समजण्यात येईल.

चेष्टा वाटत असेल तर खुलताबाद तालुक्यातल्या एखाद्या अद्रकवाल्याशी बोला. रात्रभर धो धो कोसळला, सऱ्यांत पाणी तुंबलं, कंद सडायला लागला. गडी भरपाईसाठी तहसिलीत जातो. तिथला पहिला प्रश्न : “महसूल मंडळात किती झाला?” मंडळात झाला 41. अतिवृष्टी धरायची तर 24 तासांत 65 मिलिमीटरच्या पुढे जायला हवा. “पण साहेब, वावरात गुडघाभर पाणी आहे.” “काका, पाणी असेल हो. नोंद नाही ना!”

याच खुलताबादेत मलिक अंबर चिरविश्रांती घेतोय. चारशे वर्षांपूर्वी त्याने जमिनीचा कस आणि हाती येणारं पीक पाहून सारा ठरवायची पद्धत बसवली. बिचाऱ्याकडे सेन्सर नव्हता, त्यामुळे माणसाला वावरात पाठवावं लागायचं.

आपण त्यातून सुटलो. 2017 साली ‘महावेध’ प्रकल्प आला आणि महसूल मंडळागणिक एक, अशी राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, सगळं दर दहा मिनिटांनी. काम चांगलंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. अडचण पुढे आहे. पाऊस मोजणाऱ्या यंत्राला वर एक नरसाळं असतं, आत दोन कप्प्यांची इवलीशी डोलणारी बादली. एक कप्पा ठरलेल्या मापाने भरला की बादली त्या अंगाला कलंडते, एक नोंद पडते आणि दुसरा कप्पा नळीखाली येतो. नरसाळ्यात पाचोळा अडकला, कोळ्याने जाळं विणलं किंवा एखाद्या साळुंकीने आपला अभिप्राय नोंदवला, की बादली हलत नाही. पडद्यावर शून्य. पाऊस न पडल्याचं शून्य आणि नरसाळं तुंबल्याचं शून्य अगदी सारखंच दिसतं. मग दुपारी लख्ख उन्हात तुंबलेलं पाणी थेंब थेंब झिरपतं आणि संगणक नोंदवतो : रिमझिम.

खुलताबादचा भद्रा मारुती निद्रिस्त आहे, तरी रोज माणसं त्याच्या दाराशी येतात. हवामान केंद्र चोवीस तास जागं आहे म्हणतात, पण त्याच्याकडे सणासुदीलाही कुणी फिरकत नाही.

उलट बाजूही पाहून घ्या. आपल्याकडच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटीमीटर असतं. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस फक्त 20 मिलिलिटर पाण्याचा, आणि 65 मिलिमीटर बरोबर एक लिटर 300 मिलिलिटरचा. एसटी स्टँडवर मिळते ती पाण्याची एक बाटली आणि वर कटिंगचे चार ग्लास ओतले, की आभाळ निरभ्र असताना अख्खं मंडळ अतिवृष्टीग्रस्त! असं कुणी करतं असं मी म्हणत नाही. करता येणार नाही याची व्यवस्था काय, एवढंच विचारतो.

यंत्र खोटं बोलतं हे काही खेड्यापुरतं नाही. मे 2024 च्या अखेरीस दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने 52.9 अंश दाखवले, देशभर घाम फुटला. हवामान विभागाने जाऊन तपासलं तर सेन्सर तीन अंश चढा लागत होता. पाठोपाठ आपल्या नागपुरात एका केंद्राने 56 अंश नोंदवले. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा 56.7 अंशांचा जागतिक विक्रम थोडक्यात वाचला. तिथेही सेन्सरच बिघडलेला निघाला. लिबियातल्या अल अझिझियाचा 1922 सालचा 58 अंशांचा विक्रम तर 2012 मध्ये रद्द झाला. चुकीच्या नोंदीची दुरुस्ती व्हायला नव्वद वर्षं लागली! फेरफारासाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्यांनी धीर धरावा.

यावर हुशार मंडळी सांगतात, संगणकच तपासेल की. आकडा अशक्य वाटला किंवा शेजारच्या केंद्राशी जुळला नाही, की बाद. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. शेजाऱ्याच्या साक्षीवर निकाल लावला असता तर सांताक्रूझचा प्रलय ‘तांत्रिक बिघाड’ ठरला असता. म्हैसमाळच्या डोंगरावर कोसळतो तेव्हा खाली वेरूळला धूळ उडत असते, हे शाळकरी पोरही सांगेल. संगणकाने शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण शंकेचा निकाल तिथे जाऊन पाहणाऱ्यानेच लावायचा असतो.

तो लावायची रीतही जुनीच आहे. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, पुसलं जात नाही. तसाच मूळ आकडा जागेवर ठेवायचा आणि शेजारी शेरा लिहायचा : नरसाळं तुंबलं होतं, अमुक तारखेला साफ केलं, शेजारी भिंत उठली, झाड वाढलं. हा शेरा शेतकऱ्यालाही दिसला पाहिजे. आज त्याला फक्त 41 दिसतात.

2023 साली केंद्र सरकारने हवामान नोंदींसाठी ‘विंड्स’ योजना काढली. आता गावोगावी, थेट ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा संकल्प आहे. स्वागतच. यंत्राच्या खरेदीला निविदा निघते, उद्घाटनाला फीत मिळते, फोटोला नेते मिळतात. नरसाळं पुसायच्या फडक्याला मात्र लेखाशीर्षच नाही. ते मंजूर होईपर्यंत साळुंक्यांनीही आचारसंहिता पाळावी.