मोजणी
जगात निर्यात होणाऱ्या तांदळापैकी सुमारे ४० टक्के भारताचा. म्हणजे वडशाचा धानकरीही निर्यातदारच म्हणायचा. त्याला कुणी कळवलं नाही एवढंच! २० जुलै २०२३ला, ऐन रोवणीत, दिल्लीने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, शहरातला भात महागू नये म्हणून. बंदी उठली सप्टेंबर २०२४मध्ये. तोवर २,१८३ रुपये क्विंटलचा हमीभाव होताच की. आता बारदाना आला की मोजणी आणि चुकारे यथावकाश, हा भाग वेगळा. वडसा वनविभागात छत्तीसगडहून आलेले रानटी हत्ती मात्र थेट बांधीतूनच माल उचलतात. त्यांना परवाना लागत नाही. सातबारा लागतो तो नुकसानभरपाईला, शेतकऱ्याचा.