एक शून्य कमी

जळगावात काळी गाडी घेऊ नको, असं मला सात जणांनी बजावलं होतं. त्यातला सातवा तर खुद्द शोरूममधला विक्रेता होता. ती काळी गाडी चार महिने त्याच्या गळ्यात पडलेली, तरी तो म्हणाला, "साहेब, पांढरी बघा ना." इतका निर्मळ मनाचा विक्रेता मी पुन्हा पाहिला नाही. पण दिव्यांच्या झगमगाटात त्या काळ्या गाडीत मला माझा चेहरा दिसला, आणि तोही एरवीपेक्षा बराच बरा दिसला. मी काळीच घेतली.

शोरूममध्ये एसी असतो आणि ऊन नसतं, हे मार्चमध्ये लक्षात आलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तर कुणी मान वर करत नाही. ४०च्या खाली आला तर शेजारी शेजाऱ्याला सांगायला जातो. काळं बॉनेट पाहून आईने त्यावर बिबड्या वाळत घालायचा विचार दोनदा बोलून दाखवला. दुसऱ्यांदा ती ताट घेऊनच आली होती.

शिवाय काळा रंग चहाडखोर. पांढरी गाडी चार दिवसांची धूळ पोटात घालते, काळी चार मिनिटांची गल्लीभर सांगते. आणि धूळ पुसायला जावं तर ती जाताना खुणा ठेवून जाते. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर, अशी ही उतरंड. त्या वरच्या थराची जाडी ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बहुधा कमीच. त्यावरून धुळीचं कोरडं फडकं फिरवलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटतात. सावलीत दिसत नाहीत, उन्हात दिसतात. आमच्याकडे ऊनच असतं.

यावर उपाय म्हणजे मेण. मेणाने ओरखडे जात नाहीत, फक्त भरल्यासारखे दिसतात आणि गाडी चकाकते, एवढं मला कळलं तेव्हा खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण रात्री अकरानंतर मोबाइलवर गाड्या पुसण्याचे व्हिडिओ पाहणारा माणूस थांबत नसतो. अजिंठा चौफुलीजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून मी ३८० रुपयांची डबी आणली. दुकानदाराने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आठ दिवसांनी दुसरी डबी कुरिअरने आली. ती खोक्यात होती, खोक्यात मखमल होती, मखमलीत दुधी काचेची बरणी होती आणि बरणीसोबत एक कार्ड होतं, ज्यावर मेण बनवणाऱ्याने म्हणे स्वतः सही केली होती. किंमत ४,२०० रुपये.

"काय आलं?" बायकोने विचारलं.

"गाडीचं मेण."

"केवढ्याला?"

माझ्या तोंडून एक शून्य गळालं. "चारशे वीस."

खोटं बोलताना माणसाने निदान आकडा तरी बरा निवडावा. दंड संहितेतलं ते प्रसिद्ध कलम १ जुलै २०२४ला इतिहासजमा झालं, नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. पण बायकोच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जुनाच कायदा लागू असल्यासारखा वाटला. ती काही बोलली नाही. मखमलीवरून बोट फिरवलं आणि "छान आहे खोका" म्हणून आत गेली.

आता मेणाविषयी. महागड्या डबीवर ज्याचं नाव सोनेरी अक्षरांत असतं ते कारनॉबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळतं. तो प्रदेश कोरडा आणि तापट. आपल्या पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा लेप चढवून बसतं. पानं कापून वाळवतात, झोडपतात आणि जी भुकटी झडते ती वितळवून गाळतात. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं. हे ८२ ते ८६ अंशांपर्यंत दम धरतं. मे महिन्याच्या दुपारी उभ्या काळ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून पाहिलेल्या माणसाला या वीस अंशांचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. हे वाचल्यावर मला त्या झाडाबद्दल एकदम बंधुभाव वाटू लागला. आपल्यासारखंच उन्हाने गांजलेलं, पण त्यातून काहीतरी करून दाखवलेलं.

गंमत अशी की हेच मेण औषधांच्या गोळ्यांवर आणि पोरांच्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर चमक आणायला वापरतात. चपलांच्या पॉलिशमध्येही असतं. म्हणजे माझी रक्तदाबाची गोळी आणि माझं बॉनेट यांचा गुळगुळीतपणा एकाच कुळातला असू शकतो, आणि रक्तदाब बॉनेटमुळेच वाढलेला.

रावेरकडे केळी लावणारे माझे मावसभाऊ हे ऐकून म्हणाले, "त्यात काय? आमच्या केळीच्या पानाला फुकट असतं की." खरंच असतं. म्हणून तर पानावर पाणी शिंपडलं की थेंब पाऱ्यासारखे पळतात आणि वरण मात्र, भाताचा बांध फुटला की, थेट शेजाऱ्याच्या पानाची वाट धरतं. मावसभावांनी मला गाडीवर केळीचं पान घासून पाहायचा सल्लाही दिला. केळीच्या चिकाचा डाग सदऱ्यावरून मरेपर्यंत जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लहानपणी त्यांच्या पतंगाचा मांजा मी कापला होता, ते अजून विसरलेले नाहीत.

तर किमतीचा प्रश्न. जळगावच्या माणसाला शुद्धतेचं वेड उपजत. सराफ बाजारात पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या आमच्या लोकांना कसोटी, हॉलमार्क, कॅरट या गोष्टी पाढ्यांच्या आधी येतात. त्यामुळे बरणीवर 'शंभर टक्के शुद्ध कारनॉबा' असं वाचलं आणि मी मनातल्या मनात २४ कॅरट म्हणालो. पुढे कळलं की निव्वळ कारनॉबा विटेसारखं कडक असतं. ते गाडीवर लावता येणार नाही, फार तर गाडीवर फेकता येईल. म्हणून त्यात तेलं, द्रावणं, इतर मेणं मिसळावीच लागतात. सोन्यात तांबं घालतात ते घट्ट व्हावं म्हणून, मेणात तेल घालतात ते मऊ व्हावं म्हणून. शुद्ध आहे ते मेण, बरणीत आहे ते मिश्रण, आणि उरलेली रक्कम घडणावळीची. जगात हजारो डॉलरला मिळणाऱ्या मेणाच्या बरण्याही आहेत. तेवढी घडणावळ आमच्या बाजारात कुणी लावली असती तर गिऱ्हाईक दुकानातल्या गादीवरच आडवं झालं असतं.

टिकण्याचाच हिशोब केला तर मेण मागेच पडतं. मेण टिकतं आठवडे, कृत्रिम पॉलिमरचं सीलंट महिने, आणि सिरॅमिक कोटिंग नीट केलं तर वर्षं. पण सिरॅमिक करून घेतलं की गाडी चमकते आणि माणूस मोकळा होतो. मला मोकळं व्हायचं नव्हतं. रविवारी सकाळी घरातून बाहेर राहायला सभ्य कारण हवं होतं.

दोन्ही डब्यांवर सूचना एकच: सावलीत, थंड पृष्ठभागावर लावा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावात थंड पृष्ठभाग पहाटे पाच ते साडेसहा एवढा वेळ उपलब्ध असतो. मी पाचला उठलो. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे दोन बादल्या घेतल्या: एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं खळबळायची, म्हणजे माती पुन्हा रंगावर जात नाही. त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. दुसरी बादली कशाला, हे आईला समजावताना साडेपाच झाले. मग बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून दोन भाग केले. डावीकडे ३८०, उजवीकडे ४,२००. उजवीकडे का, तर चालवताना मला उजवी बाजू जास्त दिसते. निष्पक्ष प्रयोगाची माझी कल्पना अशी आहे.

समोरचे नाना फिरायला निघाले होते. ते थांबले. चिकटपट्टी पाहून म्हणाले, "वाटणी झाली का रे?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर फरक होता. स्वस्तातलं मेण रॉकेलसारखं वासायचं, वाळलं की खडूसारखं पांढरं व्हायचं आणि पुसताना खांदा निखळायचा. ते बॉनेटच्या फटीत जाऊन बसलं ते अजून निघालेलं नाही. महागड्याला नारळ आणि कसल्याशा फळाचा वास होता. ते बोटाच्या उबेने विरघळायचं आणि दुधावरची साय काढावी तसं अलगद पुसलं जायचं. ३,८२० रुपयांचा फरक मुख्यतः माझ्या खांद्याला आणि नाकाला कळला. गाडीला कळला नाही. पट्टी काढून दहा पावलं मागे गेलो, डोळे किलकिले केले, गुडघ्यावर बसून पाहिलं. दोन्ही बाजूंना सारखाच उजेड आणि सारखेच नाना दिसत होते. पाणी मारलं तर दोन्हीकडे थेंब तसेच टपोरे. पुढच्या दोन रविवारी पाहिलं तेव्हा उजवीकडचे थेंब किंचित जास्त गोल वाटले, पण पैसे मोजलेल्या माणसाची साक्ष कुठलंही कोर्ट मानणार नाही. खरी चमक आली होती ती मेणाच्या आधीच्या धुण्याने, हे मला तेव्हाच कळलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग आखाजी आली. खान्देशात दिवाळीला एक वेळ लेक माहेरी नाही गेली तर चालतं, आखाजीला नाही गेली तर बोलाचाली होते. बायकोचं माहेर धुळ्याचं. जळगावहून नव्वदेक किलोमीटर. कागदावर या रस्त्याचा नंबर कधीच ५३ झाला, पण आमच्या तोंडी तो अजून सहा नंबरचाच हायवे. बांभोरीला गिरणा ओलांडली तेव्हा गाडी काळी होती. एरंडोलला राखाडी झाली. पारोळ्याच्या अलीकडे केळीच्या ट्रकमागे पंधरा मिनिटं अडकलो, वाळक्या पानांचा चुरा उडत होता. पारोळ्यानंतर चहाला थांबलो तेव्हा गाडी नि रस्ता यांत फक्त नंबरप्लेटमुळे फरक करता येत होता. मी पुढे जाऊन बॉनेट पाहिलं. धुळीने ३८० आणि ४,२०० यांत काडीचा भेदभाव केलेला नव्हता.

धुळ्यात गल्लीच्या तोंडाशीच सासरे उभे. आबा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं काढली. आखाजीचे पत्ते ओट्यावर रंगले होते; वर्षातून एकदा सगळ्यांच्या साक्षीने जुगार खेळायला परवानगी असते, तेव्हा गल्लीतली झाडून सगळी वडीलधारी मंडळी हजर. मी सामान काढायला मागे गेलो. परत आलो तोवर आबांनी खांद्यावरचा पंचा काढून कोरड्या धुळीवरून बॉनेट खसाखसा पुसायला घेतलं होतं. ड्युटीवर चढण्याआधी फडकं मारायचं, ही त्यांची सवय. माझ्या पोटात कालवलं. पण "आबा, धुळीत सूक्ष्म कण असतात" हे वाक्य आखाजीच्या दिवशी सासऱ्याला म्हणता येत नाही. मी नुसता "अहो, राहू द्या" म्हणालो. त्यांनी ते संकोच समजून आणखी जोर लावला.

पुसून झालं. आणि धुळ्याच्या त्या दुपारच्या उन्हात बॉनेट खरंच चमकलं. ओट्यावरचे पत्ते थांबले.

"जवाईबापू, गाडी त काचना मायक चमकी राहिनी!" आबा म्हणाले. "काय लावतस?"

मी काही बोलणार तोच बायको पिशव्या घेऊन शेजारी आली. "मेण आहे, आबा. परदेशी. खोका सुद्धा मखमलीचा." आणि मग अगदी सहज, "चारशे वीसला पडलं."

"चारशे वीसमा?" ओट्यावरून कुणीतरी म्हणालं. "मंग मन्ही बी एक लिखी ल्या."

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एक डबी आबांना, स्कूटरला. एक मेहुण्याला, एक कोपऱ्यावरच्या अप्पांना ट्रॅक्टरसाठी. ज्यांच्याकडे वाहनच नव्हतं त्यांनी लाकडी बंगईला चालेल का विचारलं आणि बायकोने "छान चालेल" सांगितलं. एकूण सात. आबांनी जिंकलेल्या पैशांतून सगळ्यांचे म्हणून ३,००० रुपये तिथेच मोजले. सात डब्यांचे झाले २,९४०, वरचे साठ पोरांना खाऊला. मी मनातल्या मनात सगळीकडे एकेक शून्य लावून पाहत होतो. २९,४००. रक्तदाबाची गोळी जळगावात राहिली होती.

मी नोटांसाठी हात पुढे केला. तोवर त्या बायकोच्या पर्समध्ये गेल्या होत्या.

"माझ्याकडेच असू दे," ती म्हणाली. "तसाही ऑर्डरचा मेसेज माझ्याच नंबरवर येतो."