मेले, मेले!

लहानपणी आमच्या वाड्यात प्रत्येक डावात एक लिंबूटिंबू असायचा. म्हणजे कुणाचा तरी धाकटा भाऊ, ज्याला खेळायला घेतलं नाही तर तो घरी जाऊन भोकाड पसरणार आणि घेतलं तर सारखा पायात येणार, म्हणून त्याला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, आउट झाला तरी आउट धरायचं नाही, आणि तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांना भरपाई म्हणून एक गडी जास्त द्यायचा. मी सातवीपर्यंत लिंबूटिंबू होतो. त्यानंतर थेट वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बंगलोरमध्ये.

साल 2001. शहराचं नाव अजून बंगलोरच होतं, सरकारदरबारी ते बेंगळुरू झालं 2014 साली. कोरमंगलातली आमची कंपनी छोटी. डॉट कॉमचा फुगा फुटून वर्ष होऊन गेलेलं, अमेरिकेतली गिऱ्हाइकं एकेक करून फोन उचलेनाशी झालेली, त्यामुळे ऑफिसात कॉम्प्युटर भरपूर, पोरं भरपूर आणि काम सणासुदीच्या श्रीखंडासारखं, म्हणजे चाखण्यापुरतं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजले, साहेब गेले, खालच्या दर्शिनीतली बाय-टू कॉफी पोटात गेली, की आमच्या मजल्यावर ‘क्वेक थ्री अरीना’ सुरू व्हायचा.

तुम्ही खेळला नसाल तर सांगतो. टेक्ससच्या आयडी सॉफ्टवेअरने हा खेळ 1999 च्या डिसेंबरात काढला. त्यात गोष्ट नाही, नायक नाही, नायिका तर मुळीच नाही. एका रिंगणात सोडून देतात, तुफान वेगाने पळायचं आणि दिसेल त्याला रॉकेटने उडवायचं. मेलात की क्षणात पुन्हा जन्म. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब लोकांना जन्मोजन्मी पुरतो, मी दोन-तीन शुक्रवारांत बराच मागे आणला होता.

सुरुवातीला मी जेवणाच्या सुट्टीत एकटाच कॉम्प्युटरच्या बाहुल्यांशी सराव करायचो. त्यात अवघडपणाच्या पाच पायऱ्या असतात आणि सगळ्यात खालच्या, बाळबोध पायरीचं नाव आहे ‘आय कॅन विन’. मी त्या पायरीवर हरत असे. या खेळात आपल्याच रॉकेटने आपण उडालो की एक गुण कापला जातो, आणि भिंतीला टेकून रॉकेट मारायचं नसतं हे मला बरेच दिवस कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे डबा संपेपर्यंत माझा आकडा शून्याच्याही खाली, पार तळघरात गेलेला असायचा. पण ते माझं मला. माझं मरण ही माझी खासगी बाब होती, त्याची झळ दुसऱ्या कुणाला लागत नव्हती.

मग 2000 च्या डिसेंबरात आयडीने या खेळाची पुरवणी काढली, ‘टीम अरीना’. दोन-चार महिन्यांनी कुणीतरी अमेरिकेहून येताना तिची सीडी घेऊन आलं. आता एकेकट्याने नाही, संघाने लढायचं. नवी हत्यारं, नवी मैदानं आणि नवे डाव. पोरं सात होती, चार-चारचे दोन संघ पाडायला एक गडी कमी पडत होता. सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. तीच ती वाड्यातली नजर, मी लगेच ओळखली.

टोपणनाव मी ‘मावळा’ घेतलं. म्हटलं, ही शहाजीराजांची जहागीर. 1638 साली आदिलशाही फौजांनी केंपेगौडांकडून हे शहर घेतलं आणि ते राजांकडे आलं. तिथे पुन्हा मराठी शस्त्र परजतंय तर नाव तरी साजेसं असावं. त्यानंतर दर दोन मिनिटांनी आठही पडद्यांवर झळकायला लागलं की मावळा स्वतःच्या रॉकेटने उडाला, मावळा खड्ड्यात पडला, मावळा लाव्ह्यात गेला. तिसऱ्या शुक्रवारी मी ते नाव बदलून ‘अण्णा’ केलं. निदान इतिहासाला तरी त्यातून सोडवलं.

नव्या डावांपैकी ‘हार्वेस्टर’ जणू माझ्याचसाठी बेतला होता. त्यात कुणी मेलं की त्याची कवटी मैदानाच्या मधोमध असलेल्या यंत्रातून टुणकन बाहेर पडते. शत्रूच्या कवट्या वेचायच्या, शत्रूच्याच तळावर नेऊन टाकायच्या, जितक्या कवट्या तितके गुण. वाटेत आपण मेलो की वेचलेलं सगळं गेलं. म्हणजे पूर्वी मी मेलो तर फक्त मरायचो, आता मी मेलो की समोरच्यांना पीक मिळायला लागलं. पहिल्याच डावात त्यांनी वाहून नेलेल्या कवट्यांपैकी चौदा माझ्या एकट्याच्या होत्या. आमराईत एखादं झाड त्या वर्षी भरभरून लागतं ना, तसा मी लागलो होतो.

आणि इथेच भाषेचा घोळ सुरू झाला. आमची पोरं दिवसभर अमेरिकन वळणाचं इंग्रजी बोलायची, पण जिवावर बेतलं की माणूस मातृभाषेवर येतो. तीन वर्षं बंगलोरात राहून माझं कन्नड ‘स्वल्प अॅडजस्ट माडी’च्या पुढे गेलेलं नव्हतं. डाव ऐन रंगात आला असताना माझ्या पाठीशी असलेला टेस्टिंगचा पोरगा ओरडला, “मेले, सार्! मेले! मेले!”

मी म्हटलं, वा! आपल्याला दिसलंही नाही आणि शत्रू मेलेसुद्धा. बंदूक खाली केली, आणि मेले आहेत म्हणजे त्यांच्या कवट्या मधल्या यंत्रापाशी आल्याच असणार, या बिनतोड तर्काने बाजारात पिशवी घेऊन निघावं तसा मैदानाच्या मध्यभागी चालत गेलो. वरून रॉकेट आलं. यंत्रातून कवटी बाहेर पडली खरी, पण ती माझी होती. असं चार वेळा झालं. चारही वेळा तो पोरगा जिवाच्या आकांताने “मेले, मेले” ओरडत होता आणि चारही वेळा मी आनंदाने कवट्या वेचायला गेलो.

दुसरा डाव एका झेंड्याचा. मैदानाच्या मध्यभागी एकच पांढरा झेंडा, तो उचलून शत्रूच्या तळावर न्यायचा. साध्या, दोन झेंड्यांच्या खेळात नेमकं उलट असतं, तिथे शत्रूचा झेंडा पळवून आपल्या घरी आणायचा. हा फरक सगळ्यांना समजावून सांगितला तेव्हा मी माऊसचा गोळा बाहेर काढून त्याच्यावरचा मळ नखाने खरवडत होतो. त्यामुळे झालं काय, की सगळे एकमेकांना मारण्यात गुंतलेले असताना झेंडा चक्क माझ्या हातात आला आणि मी तो घेऊन, ऊर फुटेस्तोवर धावत, आपल्या घरी निघालो.

“आ कडे, सार्! आ कडे!”

आकडे? पडद्याच्या तळाशी आकडे होते. तब्येतीचा एक, गोळ्यांचा एक. मी धावता धावता वाचले आणि पार्टिशनच्या वरून मान काढून खणखणीत उत्तर दिलं, “फॉर्टी सेव्हन!”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आणखी मोठ्याने “आ कडे!” मी पुन्हा बघितलं. “स्टिल फॉर्टी सेव्हन!”

तळावर पोचलो, तर काहीच होईना. ना शिट्टी, ना गुण. झेंडा घेऊन मी आमच्या चौथऱ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागलो, म्हटलं एखादवेळी घालायची असेल. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी आपुलकीने हाक मारली, “ई कडे! ई कडे!” परमुलखात कानावर ‘इकडे’ पडल्यावर मराठी माणूस थांबेल का? गेलो. हाक शत्रूपक्षाच्या सिस्टिम अॅडमिनची होती आणि ती माझ्यासाठी नव्हती. त्याने मला हातातल्या फिरत्या पात्याने, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात हलक्या हत्याराने मारलं. तसं मारलं की खेळातला घनगंभीर आवाज ‘ह्युमिलिएशन’ अशी दवंडी पिटतो. दवंडी विरल्यावर अॅडमिन पार्टिशनवरून डोकावला आणि म्हणाला, “सॉरी सार्.” मारण्यापेक्षा ते ‘सार्’ जास्त लागलं.

आपण सगळ्यांना बुडवतोय, निदान माफी तरी मागावी, असं मला मनापासून वाटलं. संघ तळावर एकत्र जमला होता. टाइप करण्याआधी ‘टी’ हे बटण दाबावं लागतं, ते मी विसरलो आणि सरळ ‘सॉरी’ची बटणं दाबायला लागलो. एस दाबल्यावर दोन पावलं मागे सरकलो, बाकीच्या अक्षरांनी काय काय केलं देव जाणे, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे एंटर. आता ‘टीम अरीना’त ‘कामिकाझे’ नावाची एक वस्तू मिळते, ती वापरली की आपण तर जातोच, पण आसपासचं सगळं घेऊन जातो. ती वाटेत कधीतरी माझ्या अंगाला चिकटली होती. वस्तू वापरायचं बटण एंटर.

आपल्या गोळीने आपलाच माणूस मरू नये अशी सोय या खेळात मुळात असते. आमच्या अॅडमिनने ती लढाई खरी वाटावी म्हणून मुद्दाम बंद केली होती. माझी माफी संपूर्ण संघापर्यंत पोचली. त्याच रात्री त्याने ती सोय परत चालू केली, आणि का, ते कुणी विचारलं नाही.

(आयडीने 2005 साली या खेळाचा कोड जगाला खुला केला. वर्गमुळाच्या व्यस्ताचा झटपट हिशेब करणारी त्यातली एक चिमुकली करामत प्रोग्रामर लोकांत फार गाजली. मीही कोड उतरवून रात्रभर वाचला, पण माझा शोध वेगळा होता. माझ्या मरणाचं खापर फोडता येईल अशी एकही चूक त्यात सापडली नाही.)

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. आम्ही मल्लेश्वरमला भाड्याने राहायचो. पैसे घेऊन घरमालकांचं दार वाजवलं, काकू बाहेर आल्या. मी विचारलं, “अंकल?” काकूंनी शांतपणे एक बोट आभाळाकडे केलं आणि म्हणाल्या, “मेले इद्दारे.”

माझ्या पोटात खड्डा पडला. परवाच तर माणूस फाटकाशी बसून पेपर वाचत होता! मी चपला काढल्या, हात जोडले आणि कसंबसं विचारलं, “व्हेन?” काकू म्हणाल्या, “जस्ट नाउ. टुक कॉफी अँड वेंट.” काय तो धीर, काय ते पुण्यवान मरण, मला भरूनच आलं. भाड्याची घाई नाही, मी दिवस झाल्यावर देईन, असं मी रडवेल्या इंग्रजीत सांगत असतानाच गच्चीच्या जिन्यावरून अंकल खाली उतरले. खांद्यावर वाळलेला टॉवेल होता. त्यांनी भाड्याबद्दलचं तेवढं नेमकं ऐकलं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर लसूण सोलता सोलता ती आधी हसली, मग लसूण बाजूला ठेवून हसली, मग पदर तोंडात कोंबून हसली. “अरे, मेले म्हणजे वर!” तिने हे सगळं आठव्या क्रॉसच्या भाजीवालीकडून शिकून घेतलं होतं. कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीवर तिने मला यादी करून दिली. मेले म्हणजे वर, केळगे खाली, मुंदे पुढे, हिंदे मागे, ई कडे या बाजूला, आ कडे त्या बाजूला. मी ती मॉनिटरला चिकटवली आणि आठवडाभर मीटिंग चालू असताना मनातल्या मनात घोकली. मेले म्हटलं की मान वर, केळगे म्हटलं की खाली. शुक्रवारपर्यंत अशी तयारी झाली की कँटीनमध्ये कुणी कुणाला “मेले बा” म्हणालं तरी माझी मान वर जायची.

त्या शुक्रवारी अंतराळात तरंगणारं मैदान होतं. कठडा नाही, पायाखालची वाट संपली की खाली नुसता काळोख. टेस्टिंगच्या पोराला ताप आला होता आणि त्याच्या जागी सोमवारीच रुजू झालेला बेळगावचा एक पोरगा माझ्या पाठीशी होता. त्याने दोन रॉकेटांत समोरचे दोघेही उडवले. वाट मोकळी झाली, झेंडा माझ्याच हातात होता, आणि या वेळी तो कुठे न्यायचा हेही मला पाठ होतं. आयुष्यातला पहिला गुण पन्नास पावलांवर आला होता.

“मेले, मेले! दोघं पण मेले!” पोरगा मागून ओरडला. “पळा की सर!”

मी पळालो. पळता पळता सरावाने मान वर केली, नीट, डोळे फाडफाडून वर बघितलं. वर काहीच नव्हतं, चांदण्या होत्या. त्या हळूहळू लहान होत गेल्या.

पार्टिशनवरून एक डोकं वर आलं.

“वर काय बघालासा, सर?”