माझ्या डिकीवर डोकं टेकवणाऱ्या साहेबांस



आपली ओळख नाही. पण माझ्या आरशात आपण इतके मोठे दिसता, की आज आपण दाढी केलेली नाही हेही मला कळलं. पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलला मी थांबलो, मागे आपण थांबलात. मग वीतभर जागा वाया जातेय असं वाटून पुढे सरकलात. मग आणखी चार बोटं. दिवा लाल तो लालच. आता आपली नंबरप्लेट दिसेनाशी झाली आहे, दिसतो तो डॅशबोर्डवरचा गणपती, आणि तोही जरा काळजीत वाटतो.

लग्नात जेवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहणारे पाहुणे आपण पाहिले असतील. (कदाचित आरशातच.) त्यांचं निदान समजू शकतं, समोरचा उठला की त्यांना खुर्ची मिळते. मी हललो की आपल्याला मिळणार काय? मी सोडलेली वीतभर जागा.

आपल्या या पराक्रमाचा हिशेब कोणीतरी करून ठेवला आहे, हे सांगायला आनंद होतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात जोनाथन बोरेको आणि फरझाद अहमदी यांनी चाचणीच्या रस्त्यावर सिग्नलला गाड्यांची रांग लावली, वरून ड्रोनने चित्रण केलं आणि दोन गाड्यांमधलं अंतर दर वेळी बदलून पाहिलं. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: २५ फुटांपर्यंत अंतर ठेवलं तरी रांगेला सिग्नल पार करायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. कारण सरळ आहे. चिकटून उभ्या असलेल्या गाडीला पुढची गाडी पुरेशी लांब जाईपर्यंत हलताच येत नाही. अंतर राखून थांबलेली गाडी दिवा हिरवा होताच निघू शकते. आपण जवळ येऊन जे कमावता, ते सुरुवातीलाच ताटकळत गमावता. तरी हिरव्याला तीन सेकंद उरलेले असतानाच आपला हॉर्न सुरू होतो, तो बहुधा मला विज्ञान समजावं म्हणून.

आपलं उत्तर मला पाठ आहे. ‘पुण्यात जागा ठेवली की दुचाकी घुसते.’ घुसते, साहेब, मान्य. आणि अमेरिकेतल्या त्या रांगेत दुचाक्या नव्हत्या, हेही मान्य. पण दिवा बदलला की आपल्याआधी निघून जाणारीही तीच असते. तिच्यामुळे आपला वेळ जात नाही, जातो तो फक्त मान. शिवाय तिला आपल्या मेहेरबानीची गरज कुठे आहे? ती डावीकडून येते, उजवीकडून येते, कंटाळली तर फुटपाथवरून येते. आपण दार बंद करता ते पायी चालणाऱ्यांचं. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आजी आपल्या आणि माझ्या बंपरमध्ये पाय घालायला जागा शोधत होत्या, ते आपण पाहिलं नसेल. आपण मोबाइल पाहत होता.

चढावरच्या सिग्नलला तर आपला विश्वास पाहून भरून येतं. माझी गाडी जुनी, हाताने गिअर टाकायची. ब्रेकवरून पाय काढताना ती थोडी मागे सरकते. त्या थोड्याला लागणारी जागा आपल्या बोनेटने व्यापलेली असते. मग आपणच उतरून ‘दिसत नाही का?’ असं विचारणार.

आणि मागून १०८ ची रुग्णवाहिका आली की? तिला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. आपण कायदा मोडणारे नाही हो. आपल्याला वाट द्यायची मनापासून इच्छा असते, आपण काच खाली करून हात हलवता, हळहळताही. फक्त स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी बाहेर निघत नाही, कारण तिचं नाक माझ्या डिकीत आहे. माझी गाडी उद्या तिथेच बंद पडली, तरी आपण माझ्या मागे असेच अडकून राहणार.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या सिग्नलला थांबाल तेव्हा आपल्या सीटवरून माझ्या गाडीची मागची चाकं रस्त्याला जिथे टेकतात ते दिसू द्या. ते दिसेनासं होण्याआधीच ब्रेक दाबा, आणि दिवा हिरवा होईपर्यंत पाय उचलू नका.

आपला,
पुढच्या गाडीतला