‘आतले रिसोर्स आधी काढा’ असं लिहिणाऱ्यास

बिरवाडी, ता. महाड, जि. रायगड

एआय एजंटच्या हाती नेटवर्क डिलीट करण्याचं टूल देऊन त्याची माहिती दोन वाक्यांत उरकणाऱ्या लेखकमहाशय,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुमची दोन वाक्यं मात्र लिहितो, कारण सगळा घोटाळा त्यांनीच केला: ‘हे टूल दिलेल्या नावाचं नेटवर्क डिलीट करतं. डिपेन्डन्सी एरर आल्यास आतले रिसोर्स आधी काढून पुन्हा प्रयत्न करा.’

बिरवाडीच्या एका टँकर वाहतूकदाराची गेट-एंट्री, वजनपावत्या, गाड्यांचा हिशेब असं सगळं क्लाउडवर चालतं. चाचणीसाठी उभारलेलं जुनं नेटवर्क काढून टाक, एवढंच काम एजंटला सांगितलं होतं. आता ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये नेटवर्कचं नाव म्हणजे वरून चिकटवलेली चिठ्ठी असते. तिथे एकाच नावाची दोन नेटवर्कं खुशाल असू शकतात. खरी ओळख ‘व्हीपीसी’ने सुरू होणाऱ्या आयडीची. तुमच्या टूलने नाव घेतलं, त्या नावाचं जे पहिलं सापडलं ते धरलं, आणि हे असं होतं याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. सापडलं ते चालू धंद्याचं नेटवर्क होतं.

तरीही त्या क्षणी काही बिघडलं नव्हतं. आत काही वापरात असेल तर नेटवर्क डिलीट करण्याची विनंती क्लाउड नाकारतो. तशी ती नाकारली गेली. हा नकार म्हणजे शेवटचा पहारेकरी होता, महाशय. माणसाने तो वाचला असता तर तो थबकला असता: चाचणीचं रिकामं नेटवर्क म्हणत होते, मग आत सर्व्हर कसे चालू आहेत? शेजारच्या टेबलावर विचारलं असतं, फोन केला असता. एजंटला शेजारचं टेबल नसतं. त्याच्यापुढे तुमचं वर्णन असतं, आणि तुमच्या वर्णनाने त्याला सांगितलं की हा पहारेकरी म्हणजे वाटेतला अडथळा आहे, दूर कर आणि पुढे जा.

तो गेला. वाहतूकदाराच्या ऑफिसला जोडणारं व्हीपीएन काढलं. नॅट गेटवे काढला, त्याचा सार्वजनिक आयपी पत्ता सोडून दिला. रूट पुसले, इंटरनेट गेटवे काढला. सर्व्हर बंद करायची परवानगी नव्हती म्हणून तिथे अडला. म्हणजे नेटवर्क शेवटपर्यंत डिलीट झालंच नाही. सर्व्हर ठणठणीत, डेटा शाबूत, आणि तिथवर पोचायला एकही वाट नाही. एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकर उभे, ड्रायव्हर हातात कागदी चिठ्ठ्या घेऊन. व्हीपीएन नव्याने केलं की टनेलचे पत्ते आणि किल्ल्या बदलतात, म्हणून ऑफिसातला राउटर पुन्हा बांधावा लागला. जुन्याच आयपी पत्त्याला दार उघडणाऱ्या प्रत्येक कंपनीला नवा पत्ता कळवून विनवावं लागलं. अनडू नावाचं बटण यातल्या कशालाच नाही. तेही तुम्ही लिहिलं नव्हतंत.

बिरवाडीला लागूनच महाडची औद्योगिक वसाहत आहे. इथे केमिकल कारखान्यात लाइन तोडायची तर आधी वर्क परमिट निघतं. कुठली लाइन, तिच्यात काय आहे, ती कुठे कुठे बंद केली, सही कुणाची, परमिट किती वाजेपर्यंत चालेल, हे कागदावर आल्याशिवाय फिटर पान्याला हात लावत नाही. आमच्या गावातल्या कंत्राटी फिटरला जे कळतं ते तुम्हाला लिहावंसं वाटलं नाही, याचा मला मनापासून राग आहे.

‘एवढ्याशा वर्णनाने काय होतं’ असं म्हणाल, तर मे 2024 आठवा. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचा एक खासगी क्लाउड साफ डिलीट झाला. सहा लाखांहून जास्त सभासदांना खातं दिसेना. कारण गुगलनेच सांगितलं: उभारणीच्या वेळी अंतर्गत टूलमधला एक रकाना रिकामा राहिला, टूलने मुदत एक वर्षाची धरली, वर्ष संपताच तो आपोआप गेला. रिकाम्या रकान्याचा अर्थ काय, हे लिहिणं म्हणजेच दस्तऐवज लिहिणं. फंडाचे बॅकअप वेगळ्या जागी होते म्हणून तो सावरला.

आणि साधनं नाहीत असंही नाही. एजंटला टूल जोडण्यासाठी नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी हा प्रोटोकॉल आला. मार्च 2025 च्या आवृत्तीत ‘हे टूल विध्वंसक आहे’ असं सांगणारी खूणही आली. ती हमी नव्हे, नुसती सूचना आहे. तुम्ही तेवढीही नीट दिली नाहीत: तुमच्या टूलवर ‘विध्वंसक नाही’ असं लिहिलेलं सापडलं. ‘आधी ड्राय रन करा’ हा तुमच्या कंपनीचा नंतरचा सल्लाही पोकळ आहे. ॲमेझॉनच्या नेटवर्क डिलीट करण्याच्या विनंतीतला ड्राय रन फक्त परवानगी आहे का एवढंच तपासतो. काय काय उद्ध्वस्त होईल ते सांगत नाही.

तेव्हा वर्णन पुन्हा लिहा. टूल नाव घेणार नाही, आयडीच घेईल. डिलीट करण्यापूर्वी आतल्या प्रत्येक गोष्टीची यादी माणसासमोर ठेवेल. एरर आली की एजंटने थांबायचं, काहीही काढायचं नाही, ज्याने काम सांगितलं त्याला विचारायचं. काय परत मिळत नाही किंवा मिळेलच याची खात्री नाही, तेही तिथेच लिहा: सोडलेला आयपी पत्ता, व्हीपीएनच्या किल्ल्या, नेटवर्कचा आयडी. हे सगळं अर्ध्या पानात मावतं. ते लिहिलंत की कळवा. तोवर इथल्या कुणाच्याही एजंटला मी तुमचं टूल जोडू देणार नाही.

बिरवाडीचा एक नेटवर्कवाला